‘राष्ट्रीय विक्रम’ असं छापण्याआधी : क्रीडा विभागांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या क्रीडा विभागांतील संपादक-वार्ताहरांना,

स. न. वि. वि.

फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे एका श्वासावर पाण्याखाली खोल जाण्याच्या खेळाच्या, बातम्या अलीकडे मराठीत दिसू लागल्या आहेत. फोटोत मोनोफिन (दोन्ही पायांना मिळून घालायचा पोहण्याचा एकच मोठा पंख), हातात तिरंगा, मथळ्यात मीटरचा आकडा आणि त्याखाली ठरलेलं वाक्य : ‘ऑक्सिजन सिलिंडरशिवाय समुद्रात इतके मीटर खोल; राष्ट्रीय विक्रम’. बातमी आली की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडतो. मीही टाळ्या वाजवते. मी पुण्याची, एका श्वासावर पाण्याखाली जाणाऱ्यांपैकी एक. स्पर्धांना कधी स्पर्धक म्हणून जाते, पण बहुतेक वेळा, खाली जाण्यासाठी पाण्यात सोडलेल्या दोरीच्या बाजूला, सेफ्टी डायव्हर म्हणून असते. वर येणाऱ्याचा चेहरा जवळून बघणं हे माझं काम. त्या जागेवरून तुमच्या बातम्या वाचताना जे वाटतं ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून हे पत्र.

तक्रार एकच आहे. तुम्ही आकडा छापता आणि तो आकडा कशाचा आहे ते गाळता. यात दोष निम्मा आमचाच, कारण प्रेसनोट आमच्याच लोकांनी पाठवलेली असते. पण तुम्ही प्रश्न विचारायला लागलात तर प्रेसनोटही सुधारतील, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली जाणाऱ्याच्या डोक्यातलं गणित थोडं बदलेल.

आधी एक छोटी गोष्ट, जाता जाता. हौशी स्कूबावाल्याच्या पाठीवर जे सिलिंडर असतं त्यात साधारणपणे दाबाखाली भरलेली साधी हवा असते, शुद्ध ऑक्सिजन नव्हे. ‘ऑक्सिजन सिलिंडर’ हा शब्द मराठी पत्रकारितेत इतका मुरलाय की तो निघणं कठीण, पण सांगून ठेवते.

आता आकड्याकडे येऊ. समजा तुमच्यासमोर दोन बातम्या आल्या. एका माणसाने साडेअकरा मिनिटं श्वास रोखला, दुसऱ्याने एकोणतीस. मोठी बातमी कुणाची? फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूदने २००९ मध्ये पाण्यात तोंड बुडवून, स्तब्ध राहून ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला. तो आयडा या फ्रीडायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांखालचा जागतिक विक्रम. क्रोएशियाच्या वितोमिर मारिचिचने २०२५ मध्ये २९ मिनिटं ३ सेकंद केली. ती गिनेसची नोंद, आणि त्यात आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन श्वासातून घ्यायला परवानगी असते. दोन्ही कामगिऱ्या अचाट आहेत, पण त्यांची तुलना होऊच शकत नाही. तरी ‘मानवाने श्वास रोखण्याचा विक्रम’ या एकाच मथळ्याखाली त्या छापल्या जातात.

खोलीचंही तेच. ऑस्ट्रियाचा हर्बर्ट निच २००७ मध्ये ग्रीसमधल्या स्पेत्सेस इथे २१४ मीटर गेला. न्यूझीलंडचा विल्यम ट्रुब्रिज २०१६ मध्ये बहामाजच्या डीन्स ब्लू होल या समुद्री विवरात १०२ मीटर गेला. आकडा निम्म्याहून कमी, म्हणून ट्रुब्रिज कमी झाला का? निच वजनदार स्लेडवर बसून खाली गेला होता आणि वर यायला त्याच्याकडे हवेचा आधार होता. त्या प्रकाराला ‘नो लिमिट्स’ म्हणतात. ट्रुब्रिज पायात फिनसुद्धा (पोहण्याचे पंख) न घालता, हातापायांच्या बळावर खाली गेला आणि तसाच वर आला. ज्यांना हा खेळ कळतो त्यांच्यातले बरेच जण त्या १०२ ला जास्त मान देतात. हाच निच २०१२ मध्ये सान्तोरिनीला आणखी खोल गेला आणि डीकम्प्रेशनच्या आजाराने (दाब झपाट्याने उतरल्यावर शरीरात वायूचे बुडबुडे होतात, तो) मरता मरता वाचला. मेंदूला इजा झाली, चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं.

फिन लावून, फिनशिवाय, दोरी हातांनी ओढत, तलावात आडवं अंतर कापत, नुसतं स्तब्ध पडून : हे सगळे वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकात पुरुषांचा वेगळा, स्त्रियांचा वेगळा विक्रम. त्यात विक्रम नोंदवणाऱ्या संस्था एकाहून जास्त. आयडा १९९२ पासूनची, पाण्याखालच्या खेळांची जागतिक संस्था सीमास १९५९ पासूनची. दोघींचे जागतिक विक्रम वेगळे, राष्ट्रीय विक्रमांच्या याद्याही वेगळ्या. म्हणजे एकाच देशाचे, एकाच प्रकारातले, एकाच वेळी दोन ‘राष्ट्रीय विक्रमवीर’ असू शकतात आणि दोघंही खरं बोलत असतात. शिवाय फी भरली की प्रमाणपत्र घरपोच पाठवणारी ‘रेकॉर्ड बुकं’ आपल्याकडे उदंड आहेतच. त्यांची पदकं गळ्यात घालून लोक तुमच्या कार्यालयात येतात, आणि तुम्ही फोटो काढता.

बरं, राष्ट्रीय विक्रम म्हणजे तरी किती मोठा? ते देशावर अवलंबून आहे. फ्रान्सचा स्थिर श्वासाचा राष्ट्रीय विक्रम मोडायचा तर मिफ्सूदच्या जागतिक विक्रमापुढे जावं लागेल. न्यूझीलंडच्या एखाद्या मुलाला फिनशिवाय खोल जाण्याचा आपल्या देशाचा विक्रम हवा असेल तर १०३ मीटर जाणं आलं. आणि ज्या देशातून त्या प्रकारात आधी कुणी उतरलंच नाही, तिथे पंचांनी मान्य केलेली पहिली बरी बुडी हाच विक्रम होऊन बसतो. आपण या दुसऱ्या टोकाच्या जवळ आहोत. हे मी कुणाला हिणवायला म्हणत नाही. आपल्या समुद्रालाच खोली नाही, त्याला मुलं काय करणार? मालवणहून, तारकर्लीहून, रत्नागिरीहून होडी काढून काही तास समुद्रात गेलात तरी शंभर मीटरचं पाणी हाताला लागत नाही. पश्चिम किनाऱ्यालगतचा उथळ तळ फार लांबवर पसरलेला आहे. मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायच्या तेलविहिरींपाशीसुद्धा पाणी ७५ मीटरच्या आसपासच आहे. त्यातून कोकणच्या पाण्यात गाळ, आणि पावसाळ्यात तर समुद्र बंदच. म्हणून खोलीचा सराव करायचा तर इजिप्तमधलं दहाब, बालीतलं आमेद, फिलिपिन्समधलं पांगलाव. दुबईत राहणाऱ्या आपल्या मंडळींना २०२१ पासून ६० मीटर खोल तलाव मिळालाय, ती भाग्यवान. बाकीच्यांनी सुट्टी काढायची, व्हिसा काढायचा, बचत मोडायची आणि महिनाभरात वर्षभराची खोली गाठायची.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण घोळ इथे आहे. कान, छाती, डायफ्रॅम आणि मन यांना खोलीची सवय हळूहळू होते. तीस मीटरवर दाब चौपट होतो आणि फुप्फुसातली हवा पाव भागावर येते. त्याच्या खाली छातीचा पिंजरा आणखी दबू शकत नाही, मग छातीतल्या रक्तवाहिन्यांत रक्त भरून ती जागा घेतं. शरीराची तयारी नसताना जोर केला तर फुप्फुसात रक्तस्राव होतो. आम्ही त्याला ‘स्क्वीझ’ म्हणतो. वर आल्यावर खोकल्यातून गुलाबी फेस पडतो. असं झालं की आठवडे-महिने विश्रांती हवी. पण परतीचं तिकीट रविवारचं असतं, स्पर्धेचा शेवटचा दिवस शनिवार असतो, आणि गावाकडे प्रेसनोटचा मसुदा तयार असतो.

निक मेव्होलीचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. ब्रुकलिनचा, बत्तीस वर्षांचा, अफाट गुणी. २०१३ च्या मे महिन्यात फिन लावून १०० मीटर गाठणारा तो पहिला अमेरिकन झाला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला डीन्स ब्लू होलमध्ये तो फिनशिवाय ७२ मीटरला उतरला. ७२ का? अमेरिकेचा त्या प्रकारातला राष्ट्रीय विक्रम त्याला हवा होता. जागतिक विक्रम त्या वेळी १०१ मीटर होता, ट्रुब्रिजचा, तोही याच विवरातला. म्हणजे जगाच्या हिशेबात ७२ हा काही मथळ्याचा आकडा नव्हता. त्याचं मोल फक्त झेंड्याशी जोडलेलं होतं. ६८ मीटरवर मेव्होली थांबला. वर दोरीचा अंदाज घेणाऱ्यांना वाटलं, वळला. मग तो पुन्हा खाली निघाला. ३ मिनिटं ३८ सेकंदांनी तो आपल्या बळावर पृष्ठभागावर आला, हाताने ‘ओके’ची खूण केली, शब्द मात्र नीट उमटले नाहीत, आणि तो मागे कोसळला. डॉक्टर तिथेच होते. तो वाचला नाही. आयडाच्या स्पर्धेतला तो पहिला मृत्यू. इजा फुप्फुसांना झाली होती.

त्याच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण चार मीटर राहिलेत म्हणून पुन्हा खाली वळणं, हा मोह मला अनोळखी नाही, आणि दोरीला लागलेल्या कुणालाच नसेल. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही खोली जाहीर केलेली असते. तिथे दोरीच्या टोकाच्या थाळीवर टॅग लावलेला असतो. तो टॅग आणला तर घरी विक्रम, नाही आणला तर घरी काहीच नाही. मधलं काही छापायची सोय तुम्ही ठेवलेली नाही.

मधलं काय असतं ते सांगते, कारण हा खेळ तिथेच आहे. बुडी पाण्यावर डोकं आलं की संपत नाही. आयडाच्या नियमांत वर आल्यावर पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात मास्क किंवा नाकाची क्लिप काढायची, हाताने ओकेची खूण करायची आणि तोंडाने ‘आय अॅम ओके’ म्हणायचं. तोंड-नाक पुन्हा पाण्यात गेलं, क्रम चुकला, शब्द राहिला, तर लाल कार्ड. शंभर मीटर जाऊन आला असाल तरी. हा नियम बाहेरच्यांना छळ वाटतो. पण त्यामागे कारण आहे. खोलात दाबामुळे फुप्फुसातला ऑक्सिजन रक्ताला पुरतो. वर येताना दाब उतरतो, आणि शेवटच्या दहा मीटरांत तर तो निम्म्यावर येतो. म्हणून खाली ठणठणीत असलेला माणूस नेमका वर आल्यावर किंवा येता येता शुद्ध हरपतो. त्या पंधरा सेकंदांत पंच विचारत असतात : हा माणूस आपल्या क्षमतेच्या आत राहून आला का? पांढरं कार्ड म्हणजे ‘हो’. लाल म्हणजे ‘नाही’. पिवळं म्हणजे बुडी शुद्धीत झाली, पण काहीतरी कमी राहिलं. लवकर वळला, टॅग आणला नाही, अशा गोष्टींना गुण कापतात. विक्रमाला पांढरंच लागतं.

मी ज्या ठिकाणी तरंगते तिथून हे फार स्पष्ट दिसतं. साधारण तीस मीटरवर मी वर येणाऱ्याला भेटते आणि मग डोळ्यांत डोळे घालून सोबत वर येते. ओठांचा रंग, पायांची लय, नजर. एखादी मुलगी हसत येते, पंधरा सेकंद तिला जास्तच होतात. एखादा येतो तेव्हा त्याचे डोळे काचेसारखे झालेले असतात, ओकेची खूण होते पण मान डुलते, आणि मी हात पुढे करू की नको या विचारात असताना पंच पांढरं दाखवतात. दोघांच्याही बातमीत आकडा छापला जातो. दुसऱ्याचा मोठा असेल तर मथळा त्याचा.

आणि ब्लॅकआउट झाला, म्हणजे शुद्ध हरपली, तर? स्पर्धेत हे घडतं, फार दुर्मीळ नाही. आम्ही चेहरा वर धरतो, मास्क काढतो, गालावर फुंकर मारतो, टपली मारून नाव घेऊन हाक मारतो; बहुतेक जण काही सेकंदांत श्वास घेतात आणि विचारतात, ‘कार्ड कुठलं मिळालं?’ लाल असतं. त्याचा व्हिडिओ मात्र व्हायरल होतो, आणि मग एखादी वाहिनी तो ‘थरार’ म्हणून वर्तुळं काढून चालवते. ज्या खेळाडूच्या विक्रमाच्या बातमीत तुम्ही दाब, कार्ड, सेफ्टी यांपैकी काही सांगितलं नव्हतं, त्याच खेळाची ओळख प्रेक्षकांना अशी होते. ट्रुब्रिजचा डिसेंबर २०१४ मधला १०२ मीटरचा प्रयत्न न्यूझीलंडच्या टीव्हीवर थेट दाखवला गेला होता. तो फसला, वर येताना त्याला सेफ्टी डायव्हरची मदत घ्यावी लागली. दीड वर्षाने त्याने तीच खोली पूर्ण केली. तिथल्या लोकांनी आधी फसलेला प्रयत्न पाहिला होता, म्हणून नंतरच्या १०२ चा अर्थ त्यांना कळला असावा, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र कळकळीची, आणि ती विक्रमवीरांपेक्षा तुमच्या वाचकांच्या घरातल्या पोरांबद्दल आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर, बंधाऱ्यावर, सोसायटीच्या तलावात ‘कोण जास्त वेळ बुडी मारतो’ ही पैज आपल्याकडे नवी नाही. अशा बातमीनंतर तिला बळ येतं. त्यात कुणीतरी सांगतं, आधी भराभर खोल श्वास घे, मग जास्त टिकतोस. टिकतो खरा, पण का? श्वासाची तडफड होते ती कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वास घेतले की तो आधीच घटलेला असतो, त्यामुळे तडफड उशिरा होते किंवा होतच नाही. ऑक्सिजन मात्र आपल्या वेगाने संपतो. पोरगं धडपड न करता, गप्पकन बेशुद्ध होतं. काठावरच्याला वाटतं, अजून टिकलाय. पाच-सहा फूट पाणी यासाठी भरपूर झालं. रशियाच्या नतालिया मोल्चानोवासारखी या खेळातली सर्वांत मोठी स्त्री खेळाडू २०१५ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या फोर्मेन्तेरा बेटाजवळ, स्पर्धा नव्हे तर शिकवणीच्या वेळी, पाण्याखाली गेली आणि परत आली नाही. स्पर्धेत दोरी असते, त्या दोरीला खेळाडू पट्ट्याने जोडलेला असतो, वर डॉक्टर असतो. गावच्या विहिरीवर यातलं काय असतं? तेव्हा बातमीच्या शेवटी दोन ओळींची चौकट द्या : एकट्याने कधीही श्वास रोखून बुडी मारू नका, आणि भराभर श्वास घेऊन तर मुळीच नाही. विक्रमवीराची ‘श्वास वाढवण्याची पाच तंत्रं’ अशी पुरवणी मात्र कृपा करून छापू नका. मी ती पाहिलेली आहे.

सरकारी दारांबद्दल फार लिहीत नाही. हा खेळ की साहस, याच प्रश्नाशी फाईल अडते. प्रायोजक तर सरळ विचारतात, ‘रेकॉर्ड आहे का?’ त्यांना उत्तर देण्यासाठी तुमचं कात्रण लागतं. म्हणून तुमचा मथळा आमच्याकडे चलनासारखा फिरतो, आणि खाली दोरीवर असताना त्याचा विचार मनात येतोच. नाही म्हणणारे खोटं बोलतात.

तर पुढच्या वेळी प्रेसनोट आली की खेळाडूला फोन करा आणि विचारा : प्रकार कोणता, फिनने की फिनशिवाय की दोरी ओढत? स्पर्धा कुणाच्या नियमांखाली झाली, पंच कुठल्या संस्थेचे? कार्ड कोणतं? आधीचा भारतीय विक्रम कुणाचा होता आणि किती? त्या प्रकारात आजवर किती भारतीय उतरलेत? आणि हेही विचारा की त्या मोसमात तू किती वेळा वळलास. या प्रश्नावर जो अडखळेल त्याच्याबद्दल मला काळजी वाटते. जो हसून, मीटरसकट, भराभर सांगेल त्याची मुलाखत पूर्ण पान घ्या. भारतीय विक्रम जागतिक विक्रमाच्या किती मागे आहे तेही बिनदिक्कत छापा. आम्हाला लाज वाटणार नाही. किनाऱ्यापासून तेलविहिरीपर्यंत जाऊनही ७५ मीटरच्या आसपासच पाणी असलेल्या भागातून आलेली मुलगी परक्या समुद्रात जाऊन जे करते, ते त्या आकड्याशेजारी ठेवल्यावरच नीट दिसतं.

आणि एखादी मुलगी जाहीर केलेल्या खोलीच्या सहा मीटर अलीकडे कानांवरचा दाब सोसेना म्हणून वळली, पिवळं कार्ड घेऊन हसत वर आली, तर तिलाही दोन ओळी द्या. नाव, प्रकार, खोली, पिवळं कार्ड. ब्याण्णववर बाद झालेल्या फलंदाजाचं शतक हुकलं तरी त्याच्या ब्याण्णव धावा तुम्ही छापताच ना?

कळावे,

आपली नम्र,
पुण्यातील एक फ्रीडायव्हर